दोन आयांचा चित्ता

मेलेलं जनावर पिशवीतून आणून "हे काय आहे, ओळखा" असं म्हणणारी माणसं जिच्या दारात येतात, अशी कोल्हापुरात बहुधा मी एकटीच असेन. माझी सगळी नोकरी एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात गेली. काम, तिथला संग्रह सांभाळणं. संग्रह म्हणजे बरण्यांतले साप-बेडूक, टाचणीला लावलेले किडे, कवट्या, शिंगं, पेंढा भरलेले पक्षी आणि या सगळ्यांवर पसरलेला डांबरगोळ्यांचा वास. तो वास माझ्या साड्यांना इतका चिकटला होता की लग्नाकार्यात शेजारची बाई हळूच खुर्ची सरकवायची. निवृत्त झाले, वास गेला नाही. माणसंही यायची थांबली नाहीत.

बाहेरच्यांना वाटतं, आम्ही रानोमाळ हिंडतो. हिंडतो, पण थोडं. जास्त वेळ जातो तो मेलेल्या पालीच्या बोटाखालचे खवले भिंगातून मोजण्यात. आणि प्रत्येक नमुन्याच्या पायाला चिठ्ठी बांधण्यात. कुठे सापडला, कधी, कोणी पकडला, एवढंच त्यावर लिहायचं. चिठ्ठी नसलेला वाघ आम्हाला चिठ्ठी असलेल्या उंदरापेक्षा कमी मोलाचा. हे मी विद्यार्थ्यांना सांगायचे तेव्हा ते हसायचे, मग परीक्षेत हेच वाक्य लिहून मार्क मिळवायचे.

गडहिंग्लजहून एकदा एक गृहस्थ एसटीने पोत्यात घालून डायनासोरचं अंडं घेऊन आले. "अक्का, हीर काढताना घावलं बगा." गोल गरगरीत, दोन हातांत मावेना. मी म्हटलं, हा दगड आहे. आपला काळा खडक झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि आत असा गोळा राहतो. ते म्हणाले, "दगुड हाय त्ये मला बी दिसालंय की. आत काय हाय त्ये सांगा." फोडून दाखवला. आत दगड. गृहस्थांनी दोन्ही तुकड्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू आतला डायनासोर मीच लपवला होता. त्यातला एक तुकडा अजून माझ्या दाराला अडसर म्हणून आहे.

हुपरीचे एक चांदीचे कारागीर चांदीत बसवायला आलेली वाघनखं घेऊन आले होते, घामाघूम होऊन. कुणी गिऱ्हाइकाने आणून दिली आणि नंतर त्यांना कळलं की अशी नखं बाळगणं म्हणजे तुरुंग. मी भिंगाखाली धरली. म्हशीच्या शिंगाची होती, छान कोरलेली. खोटी आहेत म्हटल्यावर इतका आनंदलेला माणूस मी पाहिला नाही. जाताना म्हणाले, "मॅडम, देव तुमचं भलं करो, आनि त्या म्हशीचं बी."

अशी माणसं सांगून मी तुम्हाला हसवत राहीन. पण जे सांगायचं आहे ते हसण्यासारखं नाही आणि रडण्यासारखंही नाही. ते नेमकं कसं आहे तेच मला अजून उमगलेलं नाही.

मध्य भारतात आफ्रिकेहून चित्ते आणून सोडले त्या दिवसांतली गोष्ट. टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं. सकाळी दार वाजलं. दारात पांढरी टोपी, पांढरी दाढी, काठी आणि मागे सून. म्हातारबोवा आत येऊन बसायच्या आधीच बोलायला लागले.

"मॅडम तुमीच न्हवं? टीव्हीवर सांगालेत, चित्ता देशातनं कवाच संपला. मग आमच्या घरात काय हाय त्ये येऊन बगा."

हे हुसेनचाचा. त्यांचे आजोबा, त्यांच्या बोलण्यात 'दादा', संस्थानच्या काळात चित्तेवान होते. चित्तेवान म्हणजे शिकारीचे चित्ते सांभाळणारा माणूस. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीतून माळावर न्यायचं, काळवीट दिसलं की टोपी काढून सोडायचं. कोल्हापुरात हा खेळ पुष्कळ चालायचा. चित्त्यांचे गळपट्टे, कमरपट्टे, डोळ्यांवरच्या टोप्या हे सगळं चित्तेवान स्वतःच्या हाताने चामड्यात शिवायचे.

मला वाटलं, बिबट्या असणार. आपल्याकडे बिबट्याला चित्ता म्हणणारे इतके आहेत की खरा चित्ता समोर आला तर बिचाऱ्याला ओळखपत्र दाखवावं लागेल. तरी गेले. जुन्या गावातल्या एका अरुंद बोळात घर. सुनेने, रेश्माने, पेटीतून कातडं काढलं, दिवाणावर पसरलं आणि मी चष्मा पुसून वाकले.

बिबट्याच्या अंगावर फुलं असतात, मध्ये पोकळ. इथे भरीव ठिपके होते, बोटाने टेकवल्यासारखे. डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठापर्यंत काळी रेघ. नखं बोथट, कुत्र्यासारखी बाहेर. डोकं पेंढा भरून तसंच ठेवलेलं, चारही पंजे जागेवर, खाली हिरव्या बनातीचं, जाड लोकरी कापडाचं अस्तर. वर्षानुवर्षं मी ज्याची फक्त चित्रं वर्गात दाखवली तो प्राणी माझ्या पुढ्यात पालथा पडला होता. मला खरंच रडू आलं. चाचा खूश झाले. सरकारी दाखला आहे का विचारलं, तर तोही निघाला, घडी घालून प्लास्टिकमध्ये ठेवलेला.

"ह्येचं नाव हिरा," चाचा म्हणाले. "आमच्या दादांनी सोता पकडल्याला. हितल्या माळावर."

चित्त्याचं पिल्लू पाळून उपयोग नसतो. शिकार त्याला आई शिकवते, माणूस नाही. म्हणून जाणतं जनावरच पकडावं लागे. चित्ते नखं घासायला ठरावीक झाडाशी येतात. त्या झाडाच्या बुंध्याभोवती चामड्याच्या वादीचे फास लावायचे आणि दबा धरून बसायचं. चाचांनी ते सगळं असं सांगितलं की फास जणू त्यांनीच लावले होते. यातलं काहीच चूक नव्हतं.

पण अडचण होती. आपल्याकडचे चित्ते कमी होत गेले तसे संस्थानांनी आफ्रिकेहून चित्ते मागवायला सुरुवात केली. बोटीने यायचे. चाचांचा एक मामेभाऊ होता, तो आयुष्यभर भर मांडवात, जेवणाच्या पंगतीत एकच गोष्ट उगाळायचा. "तुझ्या दादानं कुठला चित्ता धरलाय? बोटीतनं आल्याली जनावरं. त्यो नुसता पिंजरं झाडायचा." सगळे हसायचे. मामेभाऊ वारला, पण हसलेली माणसं अजून होती.

"मॅडम, ह्यो तुमच्या संग्रहाला देतो," चाचा म्हणाले. "माझ्या मागं पोरं संभाळनार न्हाईत. पर त्येच्या चिठ्ठीवर लिवायचं, पकडनारा म्हनून माझ्या दादांचं नाव. लिवशीला?"

आता चिठ्ठीच्या बाबतीत मी कुणाची भीड ठेवत नाही. एकदा खुद्द आमच्या विभागप्रमुखांनी भावाने विकत आणलेलं घुबड स्वतः पकडलं म्हणून लिहायला सांगितलं होतं. मी लिहिलं नाही आणि पुढे बरीच वर्षं मला उन्हाळी सुट्टीत परीक्षेचं काम लागत राहिलं. चाचांना म्हटलं, तपासते. हा चित्ता इथला की आफ्रिकेचा हे आता कळू शकतं. इथला निघाला तर पुढचं बघू.

माझी एक विद्यार्थिनी, अनुजा, दुसऱ्या शहरात प्रयोगशाळेत काम करते. जुन्या कातड्यातून, हाडातून वंशाचा माग काढणं हे तिचं काम. परवानगीचे कागद फिरून आले आणि मी छोटी कात्री घेऊन गेले. कमावलेल्या जुन्या कातड्यात फारसं काही शिल्लक राहत नाही, एक तुकडा हमखास दगा देतो, म्हणून दोन जागचे तुकडे घ्यायचे असा आमचा नेम. चाचांनी सांगितलं, "डोळ्याला, मिशीला हात लावायचा न्हाय." मी पंजाच्या गादीतून एक कपचा घेतला आणि पोटाच्या कडेचा एक. अस्तर उसवून आतून बघू का म्हटलं, तर चाचा काठी आपटून म्हणाले, "अस्तर दादांच्या हातचं हाय. न्हाय." मीही हट्ट केला नाही.

काही महिन्यांनी अनुजाचा फोन आला. आवाज पडलेला.

"मॅडम, पंजा आशियाई आहे."

मी उडीच मारायची बाकी होते.

"आणि पोट आफ्रिकन आहे."

"आणि शेपूट काय जपानी?" मी म्हटलं.

ही चाचणी जे वाचते ते फक्त आईकडून आलेलं असतं. एका जनावराला दोन आया असू शकत नाहीत. म्हणजे नळ्यांची अदलाबदल झाली, नाहीतर दुसरं काहीतरी त्यात मिसळलं. मी अनुजाला नको ते बोलले. ती म्हणाली, तुमचीच कात्री पुसलेली नसेल. मी म्हटलं, मी तुला कात्री धरायला शिकवलं. तीही माझीच विद्यार्थिनी, गप्प बसते कशाला. फोन आपटला गेला.

पुन्हा तुकडे घेतले, आणि कानामागचा एक जास्तीचा. या वेळी नवी कात्री, नवे हातमोजे, तोंडाला फडकं. चाचांना मी काहीच सांगितलं नव्हतं. ते उत्सुकतेने बघत होते आणि मी त्यांची नजर टाळत होते. निकाल पुन्हा तोच. पंजा आशियाई, कान आशियाई, पोट आफ्रिकन.

त्या आठवड्यात मला काही सुचेना. भाजीत दोनदा मीठ घातलं. आम्हा लोकांचा हा रोगच आहे. निकाल विचित्र आला की आम्ही यंत्र तपासतो, रसायनं तपासतो, एकमेकांची अक्कल तपासतो, जनावर मात्र तपासत नाही, कारण ते तर आपण ओळखलंच आहे. भाऊ आला होता माझा, शेतकी खात्यातून निवृत्त. त्याला सगळं सांगितलं. तो चहा पिता पिता म्हणाला, "मग ती दोन जनावरं असतील." मी त्याच्यावर खेकसले. डोळ्यांनी अख्खा चित्ता पाहिलाय मी, म्हटलं. मग कप तसाच ठेवून रिक्षा बोलावली.

चाचांना समोर बसवून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग रेश्माला म्हणाले, "उसव. पर टाका तोडू नगंस, काढ."

रेश्मा घरी शिवणकाम करते. तिने सुईच्या टोकाने एकेक टाका उचलून बनात सोडवली. कातडं उलटं केलं. मानेभोवती एक शिवण होती. चारही पायांना, मनगटाच्या वर, अशाच चार. बारीक, घट्ट, गळपट्ट्याला घालतात तसल्या टाक्यांच्या. मी कातडं पुन्हा सुलटं केलं आणि शिवणीची जागा केसांतून शोधायला लागले. सापडेना. ठिपक्याला ठिपका जुळवलेला. जिथे शिवण ठिपक्यातून जाते तिथे अर्धा ठिपका एका जनावराचा आणि अर्धा दुसऱ्याचा.

डोकं आणि पंजे एका चित्त्याचे, धड दुसऱ्याचं. डोकं, पंजे अशा वंशातले जो आपल्याकडून नामशेष झाला, ज्याचे भाऊबंद इराणात थोडेफार उरलेत म्हणतात. धड त्या वंशाचं जो आफ्रिकेत आजही धावतोय आणि टीव्हीवर दिसत होता. मला इतकंच जुळवता आलं की पहिल्याचं कातडं कसरीने खाल्लं असेल किंवा पावसाळ्यात कुजलं असेल, उरलं ते दादांनी ठेवलं असेल, आणि पुढे दुसरा गेला तेव्हा त्याच्यावर ते जोडलं असेल. का जोडलं, ते कोण सांगणार.

चाचांनी धडावर हात ठेवला. "ल्हानपनी मी ह्येच्यावर झोपायचो. पाटीवर. म्हंजी ज्येच्यावर झोपायचो त्यो हिरा न्हवंच?"

"नाही."

"त्येचं नाव काय आसंल मग?"

मला काय ठाऊक. त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरात कुणालाच नव्हतं. रेश्माने डोळ्याला पदर लावला. मी खिडकीबाहेर बघत बसले, बोळात दुधाच्या किटल्या खडखडत होत्या.

मग चाचांनी तो प्रश्न विचारला ज्याच्यासाठी ते माझ्या दारात आले होते. "म्हंजी दादा खरं बोललं का खोटं? डोस्कं तर हितलंच निगालं की."

आणि इथे मी अडकले. आशियाई म्हणजे आशियाई. कोल्हापूरच्या माळावरचा असं त्यावर लिहिलेलं नसतं. उत्तरेकडून चित्ते पकडून विकायला आणत. दादांनी फास लावून धरला असेल, किंवा कुणी विकत घेतलेला दादांच्या ताब्यात दिला असेल. पेशीत पकडणाऱ्याचं नाव नसतं. वर्गात कुणी विचारलं असतं तर मी फळ्यावर दोन्ही शक्यता लिहून मधे प्रश्नचिन्ह काढलं असतं. समोर मात्र एक म्हातारा माणूस होता, ज्याला पंगतीत हसले होते, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"खरं बोलले," मी म्हटलं. "दादांनीच पकडला."

माझ्या चेहऱ्यावर चाचांनी काय वाचलं कुणास ठाऊक. मग हसले. दात नव्हते, पण हसू मोठं होतं.

"मॅडम, तुमास्नी बी ठावं न्हाय. तरी बोललासा."

मी भिंग काढून पदराने पुसायला घेतलं.

"मी पाच-सा वर्साचा आसंन. दादांच्या मांडीवर बसून मीच इचारलंतं, दादा, ह्यो तुमी धरला व्हय? त्येनी माझ्याकडं असंच बगितलंतं, तुमी आत्ता बगितलासा तसं. मग म्हनाले, व्हय." काठी भिंतीला टेकवून त्यांनी दोन्ही हातांनी कातडं जवळ ओढलं. "आता कशाला तपासायचं. धरला बी आसंल. नसंल बी."

"मग चिठ्ठी?" मी विचारलं. एवढं होऊन मला चिठ्ठीच सुचली.

"पकडनारा लिवू नगा. त्ये कुनी बगितल्यालं न्हाय." शिवणीवरून त्यांनी अंगठा फिरवला, केसांच्या उलट दिशेने, टाका लागेपर्यंत. "शिवनारा लिवा. त्ये तुमी बगितलासा."

आमच्या चिठ्ठीवर तशी जागा नसते. पकडणाऱ्याच्या जागी मी एक आडवी रेघ मारली आणि खाली त्यांच्या दादांचं नाव लिहिलं, शिवणारा म्हणून. रेश्माने अस्तर परत लावून दिलं, जुन्याच भोकांतून सुई घालत.